लॅपटॉपसाठी डॉक घेताना: आधी आपले पोर्ट ओळखा, मग दुकान गाठा

आठवड्यातले काही दिवस कार्यालयात आणि काही दिवस घरून काम, ही पद्धत मुंबईतल्या बऱ्याच नोकरदारांच्या आता अंगवळणी पडली आहे. डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने अंधेरी नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुल गाठणारा माणूस लॅपटॉप आणि त्याचा चार्जर रोज पाठीवर वाहतो. घरी काम करायचे असेल तेव्हा तो जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मोकळा करतो आणि चार्जर, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस व इंटरनेटची तार अशा पाच जोडण्या एकेक करून लावतो. दुसऱ्या दिवशी ठरलेली गाडी पकडायच्या घाईत त्याच पाच जोडण्या सोडवतो. या पाचांची एकच जोडणी करणारी पेटी म्हणजे डॉकिंग स्टेशन. बाजारात आणि बोलण्यात त्याला नुसते ‘डॉक’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. ॲपलने १९९२ साली पॉवरबुक ड्युओ हा छोटा लॅपटॉप आणला, तेव्हा त्याच्यासोबत ड्युओ डॉकही आणला होता. व्हिडिओ कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवावी तसा अख्खा लॅपटॉप त्या डॉकमध्ये आत जात असे. पुढे कार्यालयीन लॅपटॉपच्या पोटाखाली खास जोडणी येऊ लागली आणि ज्या कंपनीचा लॅपटॉप त्याच कंपनीचा डॉक, असा बांधील व्यवहार बरीच वर्षे चालला. यूएसबी-सी या जोडणीचे मानक २०१४ साली ठरले आणि त्यानंतर ही बांधिलकी बरीच सैल झाली. मात्र त्याबरोबर एक नवा घोटाळा सुरू झाला, तो असा की बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन पोर्ट आतून अगदी वेगळ्या कुवतीचे असू शकतात.

या घोटाळ्याची फी मी स्वतः भरली आहे. काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ‘अकरा पोर्ट एकात’ अशी जाहिरात असलेली एक देखणी पेटी मी उचलली. घरी आणून ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचा मॉनिटर जोडला तर चित्र आले, रंगही छान आले, पण माऊसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा सरकू लागला. खोक्यावर ‘४के’ असे ठळक छापले होते आणि ते खोटे नव्हते. ते चित्र सेकंदाला ६० वेळा नव्हे तर ३० वेळाच बदलणार, हे मात्र बारीक अक्षरात होते आणि मी ते वाचले नव्हते. तेव्हापासून डॉक विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की पेटीला पोर्ट किती आहेत हे सर्वांत शेवटी मोजावे. आपल्या लॅपटॉपच्या एका पोर्टमधून किती माल बाहेर पडू शकतो, हे आधी पाहावे.

पहिली पायरी: लॅपटॉपचे पोर्ट ओळखणे

लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टशेजारी एखादे चिन्ह कोरलेले आहे का, ते उजेडात धरून पाहावे. बाण असलेल्या विजेचे चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, यूएसबी-सीच्याच आकाराची पण जास्त वेगाची जोडणी. इंग्रजी डी अक्षराच्या पोटात पी बसवल्यासारखे चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट, म्हणजेच त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडते. बॅटरीचे किंवा प्लगचे चिन्ह असल्यास तिथून चार्जिंगची सोय असते. चिन्हच नसेल, आणि पुष्कळ लॅपटॉपवर ते नसते, तर यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरवरून पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तपशिलात तो शोधावा. ‘पूर्ण’ या शब्दावर माझा भर आहे, कारण एकाच नावाच्या मालिकेतल्या दोन मॉडेलांपैकी एकात थंडरबोल्ट आणि दुसऱ्यात साधा यूएसबी-सी, असे सर्रास आढळते. शिवाय एकाच लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट असले तरी त्यातल्या एकातूनच चित्र बाहेर पडते, असेही होते.

या तपशिलात जे लिहिलेले सापडेल त्याचा अर्थ साधारण असा लावावा. नुसते ‘यूएसबी-सी, ५ गिगाबिट’ असे लिहिले असेल आणि डिस्प्लेपोर्टचा उल्लेख कुठेच नसेल, तर त्या पोर्टमधून बहुधा चित्र निघत नाही. ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द असतील, तर चित्र निघते. थंडरबोल्ट ३ आणि थंडरबोल्ट ४ या दोन्हींचा वेग सेकंदाला ४० गिगाबिट आहे. फरक असा की २०२० साली आलेल्या थंडरबोल्ट ४ मध्ये दोन ४के स्क्रीन चालवण्याची क्षमता सक्तीची केली आहे. त्याआधीच्या पिढीत तशी सक्ती नव्हती. यूएसबी४ हे यूएसबीच्या नव्या पिढीचे नाव असल्यास वेग २० आहे की ४०, हे वेगळे पाहावे. थंडरबोल्ट ५ चा वेग ८० गिगाबिट आहे, पण तो सध्या महागड्या यंत्रांतच मिळतो आणि नवख्या खरेदीदाराने त्याच्या मागे धावण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी पायरी: स्क्रीन किती आणि कोणत्या

डॉकच्या निवडीतला खरा पेच इथे आहे, त्यामुळे इथे थोडे थांबू. यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगवान वाहतुकीच्या चार मार्गिका असतात. आपल्या उपनगरी रेल्वेच्या चार रुळांसारखे त्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. साध्या डॉकमध्ये या चारांची वाटणी दोन प्रकारे होऊ शकते. एका प्रकारात दोन मार्गिका चित्राला आणि दोन डेटाला मिळतात. दुसऱ्या प्रकारात चारही चित्राला दिल्या जातात आणि डेटाला केबलमधल्या यूएसबी २ च्या जुन्या तारांवर, सेकंदाला ४८० मेगाबिट या वेगाने, सरकावे लागते. अशा डॉकला जोडलेल्या हार्ड डिस्कवर मोठी फाईल उतरवताना चहा गार होतो.

आता थोडे गणित. ४के स्क्रीनवर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे असते. हा गुणाकार सेकंदाला सुमारे १२ गिगाबिटवर जातो. डिस्प्लेपोर्ट या मानकाच्या १.२ आवृत्तीच्या काळातल्या वेगाने दोन मार्गिकांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिट इतकेच चित्र जाते, म्हणून तिथे ४के स्क्रीन ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर अडते. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने त्याच दोन मार्गिकांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि ६० हर्ट्झ जेमतेम बसते. म्हणजे लॅपटॉप आणि डॉक दोघेही १.४ चे हवेत. एक नवा आणि दुसरा जुना असेल तर जुन्याचा वेग लागू होतो. डॉकवरच्या एचडीएमआय पोर्टचेही तसेच आहे. १.४ आवृत्तीचा असेल तर ४के ला ३० हर्ट्झ, २.० चा असेल तर ६०. दोन्ही मानकांत १.४ हा आकडा येतो आणि अर्थ उलटा होतो, हे मानके ठरवणाऱ्यांचे आपल्यावरचे उपकारच म्हणायचे.

ज्यांची स्क्रीन २४ इंची, साधी फुल एचडी आहे, त्यांनी वरचा परिच्छेद विसरला तरी चालेल. फुल एचडीला ४के च्या एक चतुर्थांश ठिपके असतात आणि तशा दोन स्क्रीन मध्यम प्रतीचा डॉकसुद्धा आरामात चालवतो. दोन ४के स्क्रीन हव्या असतील तर मात्र थंडरबोल्ट किंवा ४० गिगाबिटचा यूएसबी४ असलेला लॅपटॉप आणि त्याच जातीचा डॉक घ्यावा. तडजोडीचे पर्याय आहेत, पण पहिल्यांदाच डॉक घेणाऱ्याने त्यांच्यात शिरू नये असे माझे मत आहे.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट, स्क्रीनच्या संख्येची मर्यादा चिपमध्येच असते. साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरची एकच स्क्रीन चालवते. एम३ चे एअर झाकण बंद ठेवल्यास दोन चालवते. एम४ च्या एअरला झाकण उघडे असतानाही दोन चालतात. दुसरी गोष्ट, एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून दोन स्क्रीनना वेगवेगळी चित्रे देण्याची जी एमएसटी नावाची पद्धत विंडोज लॅपटॉपवर चालते, ती मॅकओएसमध्ये चालत नाही. दोन एचडीएमआय पोर्ट असलेला साधा हब, म्हणजे स्वतःचा ॲडॉप्टर नसलेली छोटी पेटी, मॅकला जोडला, तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते आणि खरेदीदार दुकानदाराला दोष देत बसतो.

चिपची ही मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग डिस्प्लेलिंक या तंत्राचा आहे. त्यात लॅपटॉपवर बसवलेले सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करते, साध्या यूएसबी डेटासारखे डॉककडे पाठवते आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. चित्र न सोडणाऱ्या पोर्टवरही हे चालते, हा त्याचा मोठा गुण. याची किंमत मात्र प्रोसेसरला चुकवावी लागते. मॅकवर त्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि कॉपीपासून संरक्षण असलेले चित्रपट व मालिका त्या स्क्रीनवर काळ्या दिसू शकतात. तक्ते, ईमेल आणि लेखन यांसाठी मी हा मार्ग बिनदिक्कत सुचवतो. व्हिडिओ संपादन किंवा खेळ यांसाठी नाही.

तिसरी पायरी: वीज

लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर किती वॉट लिहिले आहेत ते पाहावे. ४५, ६५ किंवा ९० असा आकडा असेल, तर डॉककडून लॅपटॉपला निदान तेवढे वॉट मिळायला हवेत. इथे गल्लत होते ती डॉकच्या ॲडॉप्टरचा आकडा लॅपटॉपचा समजल्यामुळे. ॲडॉप्टरवर लिहिलेल्या वॉटमधून डॉकची स्वतःची गरज आणि त्याला जोडलेल्या वस्तूंची गरज आधी वजा होते, उरलेली वीज लॅपटॉपकडे जाते. उदाहरणार्थ, डेलच्या डब्ल्यूडी१९ या डॉकसोबत १८० वॉटचा ॲडॉप्टर असला, तरी तो डेलच्या लॅपटॉपला जास्तीत जास्त १३० आणि इतर कंपन्यांच्या लॅपटॉपला ९० वॉट देतो.

स्वतःचा ॲडॉप्टर नसलेली, लॅपटॉपच्याच चार्जरची पिन आपल्यात खोचून घेणारी जी छोटी पेटी असते, तिला हब म्हणणे योग्य. तीही वाटेत दहा-पंधरा वॉट स्वतःकडे ठेवते. त्यामुळे ६५ वॉटच्या चार्जरने लॅपटॉपला पन्नासच्या आसपास मिळतात. हलक्या कामाला ते पुरतात, पण जड काम चालू असताना चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरताना दिसते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर बहुधा १८० वॉट किंवा त्याहून मोठे असतात. त्यांच्या मालकांनी डॉक चित्र आणि डेटा यांपुरता धरावा आणि मूळ चार्जर वेगळा लावावा.

केबलही इथेच तपासावी. ६० वॉटपेक्षा जास्त वीज नेण्यासाठी पाच अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली यूएसबी-सी केबल लागते. मोबाईलच्या खोक्यातून निघालेली पांढरी केबल त्या कामाची नसते, आणि तिच्यातून बहुधा चित्रही जात नाही. डॉकसोबत आलेलीच केबल वापरावी. ती आखूड वाटते, पण ते कंजूषपणामुळे नव्हे. ४० गिगाबिटची साधी केबल सुमारे ८० सेंटिमीटरच्या पुढे वेग टिकवू शकत नाही आणि त्याहून लांब हवी असेल तर आत चिप असलेली महागडी ॲक्टिव्ह केबल घ्यावी लागते.

चौथी पायरी: बाकीचे पोर्ट

आपण रोज काय जोडतो याची यादी कागदावर करावी आणि तिच्यात दोनची भर घालावी, एवढे पुरे. दाटीवाटीच्या इमारतीत शेजारपाजारच्या डझनभर वाय-फायची एकमेकांत गर्दी होते, म्हणून इंटरनेटच्या तारेसाठी गिगाबिट इथरनेट पोर्ट असलेला डॉकच घ्यावा असा माझा आग्रह राहील. व्हिडिओ बैठकीत आवाज तुटण्याची अर्धी दुखणी त्याने जातात. कार्ड रीडर ज्याला लागतो त्यालाच लागतो.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल, तर डॉकचा विचार क्षणभर बाजूला ठेवून यूएसबी-सी असलेले मॉनिटर पाहावेत. एकाच केबलने चित्र घेणारे, लॅपटॉपला ६५ किंवा ९० वॉट देणारे आणि पाठीमागे कीबोर्ड-माऊससाठी पोर्ट असलेले मॉनिटर आता सहज मिळतात. वन रूम किचनमध्ये, जिथे टेबलावरची प्रत्येक वीत मोलाची आहे, तिथे टेबलावर आणखी एक पेटी नको असेल तर हा मार्ग मला डॉकपेक्षा सरस वाटतो.

पाचवी पायरी: कार्यालयाला विचारणे

लॅपटॉप कंपनीचा असेल, तर खरेदीआधी आयटी विभागाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. बाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे साधन चालवणारे सॉफ्टवेअर, बसवता येतात का? यूएसबी साधनांवर बंदी आहे का? आणि डॉकच्या इथरनेटवरून कंपनीच्या जाळ्यात शिरू देतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर डिस्प्लेलिंकचा डॉक घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त मिळो. काही कंपन्या ठरावीक मॉडेलचा डॉक स्वतःहून देतात. मागितल्याशिवाय मात्र सहसा कोणी देत नाही.

सहावी पायरी: खरेदी

ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, संगणकाच्या सामानासाठी आजही पाहण्यासारखा आहे. ऑनलाइन खरेदीत दोन पैसे वाचतात, पण इथे आपला लॅपटॉप बरोबर नेऊन डॉक तिथेच लावून पाहता येतो. तो फायदा पुरेपूर घ्यावा. दुकानात ४के मॉनिटर असल्यास त्याला जोडायला सांगावे आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा, ६० दिसतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ‘साहेब, सगळं चालतं’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

पक्के बिल मागावे. जीएसटी १८ टक्के लागतो म्हणून कच्च्या बिलावर सूट देण्याची तयारी दाखवली जाते, पण वॉरंटीच्या वेळी तो कागद उपयोगी पडत नाही. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक आहे का, ते पाहावे; बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक तिथल्या तिथे पडताळता येतो. पेटी अस्सल पण ॲडॉप्टर भलताच, अशी जोडी गळ्यात पडू नये म्हणून ही दोन मिनिटे खर्च करावीत. पुढे तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सातवी पायरी: घरी मांडणी

डॉक चालताना कोमट होतो आणि ते स्वाभाविक आहे. मात्र त्याला बंद खणात किंवा कागदांच्या ढिगाखाली कोंबू नये. बिनतारी माऊसचा छोटा रिसीव्हर डॉकच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचल्यावर माऊस अडखळू लागला, तर माऊस बिघडला असे समजू नये. यूएसबी ३ च्या वाहतुकीमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच नोंदवून ठेवले आहे. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर डॉकपासून दूर नेला की काम होते.

जुन्या चाळींत आणि इमारतींत बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्यावे. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवताच बारीक झिणझिण्या येत असतील, तर तिसरी पिन नावालाच आहे अशी शंका घ्यावी. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा डॉक त्याच क्षणी बंद पडतो. मॉनिटर, इंटरनेटची तार आणि बाहेरची हार्ड डिस्क एकदम सुटतात आणि त्या वेळी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाईल बिघडू शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्या अनेकांचे काम असेच मध्यावर तुटले. राउटर आणि डॉक या दोघांना मिळून एक छोटा यूपीएस ठेवणे त्यामुळे वाया जात नाही. मॉनिटर त्यावर लावू नये. तो यूपीएसची बॅटरी लवकर संपवतो.

पहिल्या आठवड्यात, परत करण्याची मुदत शिल्लक असतानाच, सगळ्या वस्तू एकाच वेळी जोडून पूर्ण दिवस काम करून पाहावे आणि लॅपटॉप झोपेतून उठवल्यावर दोन्ही स्क्रीन परत येतात का हे दोन-तीनदा तपासावे. त्या आधी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून डॉकचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्यावे, कारण झोपेतून उठल्यावरची बरीच दुखणी त्यानेच बरी होतात. हे सगळे सुरळीत दिसले, तर लॅपटॉपचा मूळ चार्जर कार्यालयाच्या खणात ठेवून द्यावा. घरी चार्जिंगचे काम डॉक करतो आणि सकाळच्या गर्दीत पाठीवरून पोटावर घ्यायची ती बॅग तेवढी हलकी होते.